जुनी गेम गाइड आणि मासिकं स्कॅन करताना: कापायचं की नाही, काय ठेवायचं, काय टाकायचं

कागदवेडी (एडिसन, न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी. दोघातिघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून जुनी मासिकं कशी स्कॅन करायची ते विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. गेली सहा वर्षं माझे शनिवार-रविवार व्हिडिओ गेमची जुनी मासिकं आणि छापील गाइड (गेम कसा पार करायचा ते सांगणारी पुस्तकं) स्कॅन करण्यात जातात.

सुरुवात अशी झाली. आमच्या गावच्या पब्लिक लायब्ररीने जुनी पुस्तकं विकायला काढली होती. त्यात एका खोक्यात 'निन्टेन्डो पॉवर' या, निन्टेन्डो कंपनीच्या गेम मासिकाचे वीसबावीस अंक होते. या मासिकाचा पहिला अंक जुलै-ऑगस्ट १९८८ चा, मुखपृष्ठावर मातीचा घडवलेला मारिओ; शेवटचा डिसेंबर २०१२ चा. एकूण २८५ अंक. मी खोकं घरी आणलं आणि चाळायला बसले, तर एका अंकातून घडी घातलेला आलेखाचा कागद पडला. कुणा मुलाने भुयाराचा नकाशा पेन्सिलने काढला होता. कुठे जिना, कुठे पेटी, कुठे किल्ली, सगळं चौकोनात बारीक खुणांनी. एका कोपऱ्यात खोडून खोडून कागद झिरझिरीत झाला होता. त्या वळणावर पोरगा किती वेळा चुकला असेल ते उजेडात धरल्यावर दिसत होतं.

त्या दिवशी ठरवलं की हे जपायचं. पण जपायचं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळत नव्हतं, आणि त्यामुळे जी चूक झाली ती आधी सांगते. पहिल्या वर्षी मी चाळीसेक अंक घेतले, त्यातली 'कामाची' पानं म्हणजे नकाशे, युक्त्या, परीक्षणं तेवढी स्कॅन केली आणि उरलेला अंक रिसायकलच्या निळ्या डब्यात टाकला. जाहिराती, वाचकांची पत्रं, स्पर्धेची कूपनं, टपालाने गेम विकणाऱ्या दुकानांचे बारीक टायपातले दरपत्रक, सगळं गेलं. दोन वर्षांनी एका अभ्यासकाने नेमकं तेच विचारलं: त्या काळी टपालाने गेम केवढ्याला मिळायचे, ती जाहिरात आहे का? मला ते पान आठवत होतं. डाव्या हाताचं, पिवळ्या पट्टीचं. ते मी माझ्या हाताने डब्यात टाकलं होतं.

म्हणून माझा पहिला नियम: अंक पूर्ण स्कॅन करायचा. मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत, कोरं पान असेल तर तेही, मध्ये घातलेलं वर्गणीचं कार्डसुद्धा. काय कामाचं हे आज आपण ठरवायचं नाही.

आता साधनं. मासिकासाठी सीसीडी जातीच्या सेन्सरचा फ्लॅटबेड, म्हणजे काचेवर पान ठेवायचा स्कॅनर घ्या. ते चपटे, स्वस्त स्कॅनर सीआयएस जातीचे असतात. कागद काचेला पूर्ण टेकला नाही की तेवढा भाग लगेच धूसर येतो. सीसीडीत थोडी खोली मिळते, त्यामुळे कण्याजवळ वळलेलं पानही वाचता येतं. सुटी पानं खूप असतील तर कागद आपोआप ओढून घेणारा, पाठपोट वाचणारा स्कॅनर वेळ वाचवतो, पण त्याच्या काचेवर धुळीचा एक कण बसला तर पुढच्या प्रत्येक पानावर वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ येते. दर वीस पानांनी काच पुसायची. मी शंभर पानं झाल्यावर रेघ पाहिली आहे, म्हणून सांगते.

रिझोल्यूशन ६०० डीपीआय, म्हणजे एका इंचात ६०० पिक्सेल. ए-फोर पान ६०० ला ४९६० × ७०१६ पिक्सेलचं होतं, रंगीत असेल तर न दाबता साधारण १०४ एमबी. शंभर पानांचा अंक म्हणजे दहा जीबी. जागा लागते, कबूल. पण हार्ड डिस्क पुन्हा विकत मिळते, अंक मिळत नाही. मूळ प्रत टिफ या चित्रफाइलच्या प्रकारात ठेवायची, तिला हात लावायचा नाही. रंग सुधारणं, सरळ करणं, डाग काढणं, जे काय करायचं ते नकलेवर.

पातळ कागदावर मागच्या पानाची छपाई उमटते. त्यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पानामागे काळा कागद. स्कॅनरच्या झाकणाचा पांढरा पॅड उजेड परत फेकतो आणि मागची अक्षरं पुढे आणतो. काळा कागद तो उजेड गिळतो. पान किंचित काळपट येतं, ते नंतर नकलेत सुधारता येतं.

कापण्याबद्दल खाली बोलूच. कोणी काय केलंय ते लिहा.

नवखा_८बिट (नागपूर)

मस्त धागा. वाचनखूण साठवली. एक प्रामाणिक प्रश्न: गेमच्या सगळ्या युक्त्या आता यूट्यूबवर असतात. मग छापील गाइड कशाला? आणि मोबाइलचा कॅमेरा एवढा चांगला असताना स्कॅनर का?

कागदवेडी

नवखा, प्रश्न चांगला आहे. युक्ती मिळते हे खरं. पण गाइड म्हणजे नुसती युक्ती नव्हे. १९९२ च्या एप्रिलच्या अंकात 'इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली'ने छापलं की 'स्ट्रीट फायटर २' मध्ये शेंग लाँग नावाचा एक लपलेला लढवय्या आहे, आणि तो कसा बाहेर काढायचा याची जवळजवळ अशक्य अशी रीत दिली. एप्रिल फूल होतं ते. मुळात ते नाव गेमच्या जपानी वाक्याच्या चुकीच्या भाषांतरातून आलं होतं. जगभरची मुलं ती रीत करून दमली. आता ही अफवा नेमकी कुठून निघाली, कोणत्या शब्दांत, शेजारी कोणतं चित्र होतं, हे त्या पानाशिवाय सिद्ध कसं करणार? यूट्यूबवर सांगणारे शेकडो असतील, पुरावा ते एक पान आहे.

दुसरं उदाहरण तर मला नेहमी चटका लावतं. 'फायनल फँटसी ९' या गेमचं ब्रॅडीगेम्स या प्रकाशनाचं अधिकृत गाइड २००० साली आलं. पैसे देऊन घेतलेल्या त्या पुस्तकात जागोजाग लिहिलं होतं की पुढची माहिती हवी असेल तर प्लेऑनलाइन या संकेतस्थळावर जा आणि हा शब्द टाका. ते संकेतस्थळ त्या रूपात कधीच बंद झालं. पुस्तक आजही कपाटात आहे, त्याने बोट दाखवलेली माहिती मात्र तिथे नाही. कागद आणि इंटरनेट यांच्यात जास्त टिकाऊ काय, असं कोणी विचारलं की मी हे गाइड काढून दाखवते.

मोबाइलबद्दल: काहीच नसण्यापेक्षा फोटो बरा. पण कोपरे तिरके येतात, उजेड एका बाजूला जास्त पडतो, गुळगुळीत कागदावर चमक येते. एकदाच मिळणारा अंक असेल आणि दहा मिनिटंच हातात असेल तर फोटो काढा. वेळ असेल तर स्कॅनर.

प्रेसवाला (इचलकरंजी)

आमचा ऑफसेटचा धंदा, तीस वर्षं झाली. कागदवेडीताई, तुमच्या ६०० च्या आकड्याला छपाईच्या बाजूने दुजोरा देतो.

रंगीत मासिक म्हणजे चार रंगांचे बारीक टिपके. गुळगुळीत आर्ट पेपरवर साधारण १३३ ते १५० ची स्क्रीन, न्यूजप्रिंटवर ८५ च्या आसपास. म्हणजे एका इंचात १५० टिपके. ३०० ला स्कॅन केलं तर एका टिपक्याला जेमतेम दोन पिक्सेल मिळतात. टिपक्यांची जाळी आणि स्कॅनरची जाळी एकमेकांवर चढतात आणि कपड्यावर येतात तशा लाटा उमटतात. ६०० ला चार पिक्सेल मिळतात, टिपका टिपक्यासारखा दिसतो, लाटा जवळजवळ जातात. स्कॅनरमध्ये 'डिस्क्रीन' नावाचं बटण असतं, ते मूळ प्रतीला लावू नका. ते टिपके पुसून गुळगुळीत करतं, त्याबरोबर बारीक अक्षराची धारही जाते. वाचायच्या नकलेला खुशाल लावा.

आता कापण्याचं. मधोमध पिना मारलेला अंक असेल तर कापायचा प्रश्नच नाही. मधलं पान उघडा, बोथट सुरीच्या टोकाने पिनांचे पाय सरळ करा, अंक उलटा धरून पिना बाहेरून ओढा. पानं जोडीने सुटतात. शंभर पानी अंकात ३ च्या जोडीला ९८ येतं, ४ च्या जोडीला ९७. बेरीज नेहमी १०१. हे लक्षात असलं की क्रम चुकत नाही. काम झालं की त्याच भोकांतून पिना परत बसवा.

जाड गाइड मात्र गोंदाने चिकटवलेली असतात. त्यात आधी कणा दोनतीन मिलिमीटर घासला जातो, मग गरम गोंद लावून पुट्ठा दाबतात. आमच्या कटिंग मशीनवर आणून दिलंत तर एका दाबात कणा वेगळा होतो, धार सुरेख येते. पण आणखी दोनतीन मिलिमीटर कागद जातो. साध्या मजकुराला फरक पडत नाही, तिथे समास असतो. दोन पानांवर पसरलेला नकाशा असेल तर मधली पट्टी कायमची जाते.

कागदवेडी

प्रेसवाले दादा, मनापासून आभार, लाटांचं कारण इतकं स्वच्छ मला कोणी सांगितलं नव्हतं.

नकाशाच्या पट्टीबद्दल शंभर टक्के खरं. गाइडमध्ये नकाशाच तर मुख्य. म्हणून मी कापत नाही, गरम करते. हेअर ड्रायर कण्यावर दोनतीन मिनिटं फिरवायचा, गोंद मऊ झाला की पुट्ठा अलगद सुटतो. मग एकेक पान कण्याच्या दिशेने, सरळ रेषेत, हळू ओढायचं. वर उचलायचं नाही, फाटतं. दहा पानं झाली की परत गरम. पानाच्या कडेला गोंदाचे कण राहतात, ते थंड झाल्यावर बोटाने चोळून काढायचे; काचेवर गेले तर चिकटून बसतात. दीडशे पानांच्या गाइडला मला एक पूर्ण दुपार लागते, पण नकाशा सांध्यापासून सांध्यापर्यंत मिळतो.

प्रेसवाला

बरोबर, जुना गोंद असेल तर हीच रीत. पण अलीकडच्या काही पुस्तकांना पीयूआर नावाचा गोंद असतो. तो एकदा बसला की गरम करून पुन्हा वितळत नाही. पाच मिनिटांत पुट्ठा हलला नाही तर हट्ट करू नका, कागद करपेल.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

हा धागा वाचून लिहायचं की नाही असा विचार करत होतो. लिहितोच.

माझ्याकडे कॉलेजच्या काळापासूनची संगणक मासिकं होती. 'चिप', मग २००१ साली 'डिजिट' सुरू झालं ते, त्यांच्याबरोबर आलेल्या सीडी, आणि गेमिंगच्या पुरवण्या. सीडीवरचे डेमो, म्हणजे गेमचे फुकट नमुने, हाच आमचा गेमचा खजिना. इंटरनेट होतं ते सायबर कॅफेत, तासावर. एक डेमो पाच मित्रांनी महिनाभर खेळायचा आणि पुढच्या अंकाची वाट बघायची. सगळं तळमजल्यावरच्या कपाटात, क्रमाने लावलेलं.

२२ जुलै २०२१ ला पुराचं पाणी घरात आलं. आधी आई-बाबांना वर नेलं, मग गॅस, मग कागदपत्रं. मासिकांची आठवण आली तेव्हा कपाट बुडालेलं होतं. पाणी ओसरल्यावर चिखलातून गठ्ठे काढले आणि गच्चीवर वाळत घातले. इथेच चुकलं. न्यूजप्रिंटची पानं वाळली, पिवळी पडली, फुगली, पण उघडतात. गुळगुळीत आर्ट पेपरचे अंक मात्र वाळता वाळता एकमेकांना चिकटले. आता एकेक अंक विटेसारखा आहे. सुरी घातली तर छपाईचा थर सोलून निघतो. जे महाग कागदावर छापलेलं होतं तेच गेलं.

सीडी धुऊन घेतल्या. बऱ्याच वाचल्या गेल्या. तीसेक अंक स्कॅन करण्याजोगे आहेत. काय करता येईल?

ग्रंथपाल_सातारा

वाशिष्ठीकाठ, वाचून गलबलून आलं. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर २००५ आणि २०२१, दोन्ही पुरांत असंच भिजलं. ग्रंथालयांशी संबंध असणाऱ्या आम्हा सगळ्यांना ते दुःख ठाऊक आहे. तुमचं चुकलं असं मानू नका. गच्चीवर वाळवणं हेच कुणालाही सुचतं.

पुढच्या वेळेसाठी, आणि धागा वाचणाऱ्या सगळ्यांसाठी लिहून ठेवते. आर्ट पेपरवर चिनीमातीसारख्या पांढऱ्या द्रव्याचा थर असतो. ओला असतो तोवर तो मऊ असतो आणि वाळताना शेजारच्या थराला धरतो. म्हणून असा अंक भिजला तर अर्धवट वाळू द्यायचा नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून काही तासांच्या आत डीप फ्रीझमध्ये ठेवायचा. गोठला की नुकसान थांबतं. मग वेळ मिळेल तसा एकेक काढून, ओला असतानाच पानं सोडवून, मध्ये टीपकागद घालून वाळवायचा. पुराच्या दिवशी वीज नसते, फ्रीझ कुठून आणणार हे मला कळतं. गावाबाहेर नातेवाईक, आइस्क्रीमचं गोदाम, जे जमेल ते. ज्यांचं घर नदीकाठी आहे त्यांनी मासिकं आजच वरच्या मजल्यावर न्यावीत, आणि जे मोलाचं वाटतं ते पाणी यायच्या आधी स्कॅन करावं.

तुमच्या उघडणाऱ्या तीस अंकांना बुरशीचा वास आहे का? असेल तर आधी उन्हात नाही, सावलीत वाऱ्यावर ठेवा, मऊ ब्रशने बाहेरच्या बाहेर झटका, तोंडाला मास्क लावा. मग स्कॅनरवर.

मंद्र (पुणे)

सगळ्यांच्या कळकळीबद्दल आदर आहे, पण कोणीतरी विचारायला हवं. हे कायदेशीर आहे का? मी स्वतः लिहून पोट भरतो. उद्या माझं पुस्तक कोणी स्कॅन करून टाकलं तर मला राग येईल.

ग्रंथपाल_सातारा

मंद्र, राग यायलाच हवा, आणि हा मुद्दा टाळून पुढे जाता येणार नाही.

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. म्हणजे नव्वदच्या दशकातला जवळजवळ प्रत्येक लेख आजही हक्कात आहे, मासिक बंद पडलं म्हणून तो मोकळा होत नाही. पण कलम ५२ मध्ये काही सवलती आहेत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर बिगर-व्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःजवळ छापील प्रत असेल तर जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक रूपात साठवता येते. शिवाय भारतात विकत मिळत नसलेल्या पुस्तकाच्या ग्रंथालयाच्या वापरासाठी तीनपर्यंत प्रती करता येतात. या सवलती ग्रंथालयाला आहेत, साठवण्यासाठी आहेत. सगळ्या जगाला उतरवून घेऊ देण्यासाठी नाहीत. वाशिष्ठीकाठ यांना माझा सल्ला असा की गावातल्या ग्रंथालयाशी बोला, अंक त्यांना द्या, स्कॅनिंग त्यांच्या नावाने होऊ द्या.

आणखी एक. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची आणि नियतकालिकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ग्रंथालयांत द्यायची असते. मुंबईत ते टाउन हॉलमधलं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. एखादा भारतीय अंक कुठेच मिळत नसेल तर तिथे चौकशी करून पाहा.

कागदवेडी

ताई, हे फार उपयोगी आहे. मंद्र, अमेरिकेतलं मी सांगते. इथे कंपनीच्या नावावरच्या कामाला प्रकाशनापासून ९५ वर्षं संरक्षण आहे. 'निन्टेन्डो पॉवर'चा १९८८ चा पहिला अंक १ जानेवारी २०८४ ला मोकळा होईल. तोवर त्याचा कागद कसा असेल हे चिपळूणच्या प्रतिसादात आपण वाचलंच. २०१६ मध्ये इंटरनेट आर्काइव्ह या डिजिटल संग्रहावर या मासिकाचे पहिल्या तेरा वर्षांचे अंक चढले होते. कंपनीच्या हरकतीनंतर ते काही दिवसांत खाली उतरले. त्यांचा हक्क आहे, मी त्यावर वाद घालत नाही. आणि त्याच कंपनीने २०१३ मध्ये, 'अर्थबाउंड' हा गेम आपल्या वी यू या गेम यंत्रावर पुन्हा आणला तेव्हा त्याचं १९९५ चं पूर्ण गाइड स्वतः स्कॅन करून सगळ्यांना फुकट वाचायला दिलं. म्हणजे मालकाच्या मनात असेल तर हे किती सोपं आहे बघा.

मी काय करते ते सांगते. जे आजही विकत मिळतं ते स्कॅन करत नाही. माझ्या मूळ प्रती माझ्याकडे राहतात, आणि स्कॅन संस्थांना देते. ओकलंडच्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने जानेवारी २०२५ मध्ये आपलं डिजिटल वाचनालय उघडलं, त्यात बंद पडलेल्या मासिकांचे दीड हजारांहून जास्त अंक शब्द टाकून शोधता येतात. रॉचेस्टरच्या स्ट्राँग संग्रहालयातही मासिकं आणि गाइड यांचा मोठा साठा आहे. एका माणसाच्या घरातल्या डिस्कपेक्षा ते सुरक्षित.

छापील गाइडचा काळ तर जवळजवळ संपलाच. २०१५ मध्ये ब्रॅडीगेम्स हे प्रिमा या दुसऱ्या गाइड प्रकाशनात विलीन झालं आणि २०१८ च्या नोव्हेंबरात प्रिमाच बंद होणार असं जाहीर झालं. नवीन फारशी छापली जात नाहीत, आहेत ती झिजणार.

मंद्र

पटलं. विकत मिळतं ते न करणं ही रेषा मला मान्य आहे. माझ्या हरकतीचा सूर तेवढाच होता.

ओसाकावासी

जपानमधून थोडी भर. इथलं 'फामित्सू' जून १९८६ पासून चालू आहे, आणि जुन्या अंकांसाठी मी निप्पोनबाशीच्या दुकानांत फिरतो. उभ्या ओळींची जपानी मासिकं उजवीकडून डावीकडे उघडतात. पहिल्यांदा मी सगळी पानं आपल्या क्रमाने स्कॅन केली आणि दोन पानी चित्रं उलटी जोडली गेली. आता फाइलच्या नावात छापील पृष्ठक्रमांकच लिहितो: ००१, ००२ असं तीन आकडी, म्हणजे १० नंतर २ येत नाही. आणि मध्ये घातलेली वाचकांच्या मताची टपालकार्डं मीही ठेवतो. त्यांवर 'तुम्हाला कोणता गेम हवा आहे' असे प्रश्न असतात. त्या काळी लोकांना काय हवं होतं ते त्या कार्डांवरून कळतं.

कागदवेडी

ओसाकावासी, टपालकार्डांचं वाचून फार बरं वाटलं. स्कॅनरच्या आवाक्याबाहेरच्या गोष्टीही असतात. 'अर्थबाउंड'च्या गाइडमध्ये नखाने खरवडून वास घ्यायची कार्डं होती. मी त्यांचा स्कॅन केला, शेजारी लिहून ठेवलं की कुठलं कार्ड खरवडलेलं आहे आणि तीस वर्षांनी त्याला कसला वास येतो. एकाला अजून मंद गोडसर वास आहे. तेवढंच जमतं.

सगळ्यांना एक विनंती. प्रत्येक अंकाच्या फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा: कुठला स्कॅनर, किती डीपीआय, कोणती पानं नाहीत, अंक कुठून मिळाला, कोणी काय लिहिलेलं आहे. आणि सगळ्या फाइलींचे चेकसम (फाइलच्या मजकुरावरून निघणारा पडताळणीचा आकडा) काढून ठेवा, म्हणजे पाच वर्षांनी फाइल खराब झाली का ते कळतं. तीन प्रती, त्यांतली एक दुसऱ्या गावात. मजकूर शोधता यावा म्हणून ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणं, जरूर करा. त्यासाठीचा टेसरॅक्ट हा प्रोग्रॅम फुकट आहे आणि त्याला मराठीही येतं. पण ओसीआर झालं म्हणून चित्र टाकू नका.

वाशिष्ठीकाठ

गेल्या तीन रविवारांत अकरा अंक झाले. बहिणीने पानं सोडवली, मी स्कॅन केली. काळ्या कागदाचा उपाय विलक्षण आहे, पुराच्या डागातूनही अक्षर वाचता येतं. ग्रंथालयात बोललो, ते तयार आहेत.

एक अडचण. २००३ च्या एका अंकात ५७-५८ हे पान नाही. मीच कापलं होतं, मागे स्पर्धेचं कूपन होतं. त्या वेळी रजिस्टर करून पाठवल्याचंही आठवतंय. त्याच्या पुढच्या बाजूला भारतीय गेम बनवणाऱ्यांवरच्या लेखाचा शेवट आहे, तो अर्धाच राहिला. कोणाकडे आहे का? अंकाचं नाव आणि महिना व्यनि करतो.

नवखा_८बिट

काका, मला व्यनि करा. माझ्या मामाकडे वर्ध्याला माळ्यावर गठ्ठे आहेत. दिवाळीत जाणारच आहे.

नवखा_८बिट

सापडला! मुखपृष्ठाला वाळवीने कोपरा खाल्लाय, पण ५७-५८ जागेवर आहे. एक विचारायचं होतं. मागचं कूपन मामाने भरलेलं आहे, पूर्ण नाव-पत्ता, फोन नंबर, आणि 'मला कोणता गेम जिंकायचा आहे' या रकान्यात तीन नावं लिहून दोन खोडलीत. पाठवलं कधीच नाही. मामाला दाखवलं तर म्हणाला, कापायला मन झालं नाही. स्कॅन करताना पत्ता झाकू का?

कागदवेडी

झाकू नकोस, मूळ स्कॅन जसाच्या तसा ठेव. ग्रंथालयात वाचायला जाणारी नक्कल असेल तिच्यात नाव, पत्ता आणि फोनवर पांढरी पट्टी लाव, आणि टेक्स्ट फाइलमध्ये लिही की पट्टी लावली आहे. खोडलेली दोन नावं मात्र राहू दे. ती नीट यावीत म्हणून त्या पानाला ६०० च्या ऐवजी १२०० लाव.

वाशिष्ठीकाठ

मामांना माझा नमस्कार सांग.

नवखा_८बिट

सांगितला. १२०० ला लावलंय, मागे काळा कागद ठेवलाय. मामा शेजारी बसून बघतोय, रकान्यातलं पहिलं खोडलेलं नाव त्याला आता आठवेना. स्कॅन झाला की मोठं करून दाखवतो त्याला, मग तुम्हाला पाठवतो.